कालव्यावर मित्रांसोबत पाइकची मासेमारी: आखणीपासून मासा परत सोडण्यापर्यंत

पाइक गळाला लावणे त्या मानाने सोपे असते. खरा कस लागतो तो मासा काठावर आल्यानंतर. शेकडो दातांनी भरलेल्या जबड्यात रुतलेला तीनतोंडी गळ काढायचा, कल्ल्यांना इजा होऊ द्यायची नाही, स्वतःची बोटे शाबूत राखायची आणि हे सगळे मिनिटभरात उरकून मासा धडधाकट अवस्थेत पाण्यात सोडायचा, हे काम नवख्या माणसाला एकट्याने जवळजवळ अशक्य असते. पाइकसाठी मित्रांसोबत जावे असे मी सांगतो ते या कामाला चार हात लागतात म्हणून (गप्पा काय, त्या होतातच). आणि सहलीची आखणीही याच टोकाकडून, म्हणजे मासा सोडण्यापासून मागे मागे येत करावी.

आमच्या पहिल्या सहलीत आम्ही नेमके उलटे केले होते. पुलाजवळ पंधरा-पंधरा पावलांवर चौघे रांगेने बसलो, प्रत्येकाकडे रॉड होता, आमिषांचे तीन प्रकार होते. लँडिंग नेट, म्हणजे मासा पाण्यातून उचलायचे दांड्याचे जाळे, मात्र एकच होते आणि तेही गाडीत राहिले होते. रांगेतल्या शेवटच्या मित्राला दुपारी मासा लागला तेव्हा एक जण गाडीकडे धावला, दुसऱ्याने काठावर पालथे पडून हाताने मासा धरण्याचा प्रयत्न केला, आणि जाळे येईपर्यंत मासा लाइन तोडून तोंडातल्या गळासकट निघून गेला. त्यानंतर दिवसभर कोणी धड बोललेही नाही.

आधी मासा समजून घ्यावा

पाइकला इसॉक्स ल्युसियस हे शास्त्रीय नाव लिनियसने 1758 मध्ये दिले. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका येथील गोड्या पाण्यात तो आढळतो. आपल्या नद्यांत तो नसल्यामुळे मराठीत त्याला स्वतःचे नाव नाही. त्याच्या टोकदार मुस्कटावरून भाल्याचे इंग्रजी नाव त्याला चिकटले. आपल्याकडचा पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, त्याच्याशी याचा संबंध नाही. आणि स्वभाव पाहिला तर हा मासा समोरासमोरच्या लढाईतला नव्हेच, तो गनिमी काव्याचा. हिरवट अंगावरच्या फिकट ठिपक्यांमुळे तो लव्हाळ्यात दिसेनासा होतो, तासन्‌तास हालत नाही, आणि सावज टप्प्यात आले की इंग्रजी एस अक्षरासारखे अंग वळवून एकदम झेप घेतो. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर शेपटीजवळ मागे सरकलेले असल्यामुळे पहिल्या उसळीला त्याला प्रचंड जोर मिळतो; लांब पाठलाग मात्र त्याला पेलत नाही. ज्यांनी मरळ गरवली आहे त्यांना दबा धरण्याची ही तऱ्हा ओळखीची वाटेल.

यातून दोन गोष्टी निघतात. पाइकचे डोळे पुढे आणि वरच्या बाजूला पाहण्यासाठी बसवलेले असतात, म्हणून हलते आमिष त्याच्या पातळीवरून किंवा थोडे वरून न्यावे, खालून नेऊ नये. आणि तो जागा धरून बसणारा असल्यामुळे मासा आपल्याकडे येईल म्हणून वाट पाहण्यापेक्षा आपण माशापर्यंत चालत जाणे कालव्यावर केव्हाही फायद्याचे ठरते.

या जातीत माद्या मोठ्या होतात. गळाने पकडलेल्या पाइकचा जागतिक विक्रम 25 किलोंचा आहे. तो मासा 1986 मध्ये जर्मनीतल्या ग्रेफेर्न येथील तळ्यात मिळाला. कालव्यावर असली स्वप्ने घेऊन जाऊ नये. तिथे दोन ते चार किलोंचा मासा मिळाला तरी दिवस सार्थकी लागला असे समजावे, आणि नऊ-दहा किलोंचा मिळाला तर त्याची चर्चा पुढची काही वर्षे चालते.

हंगाम म्हणावा तर शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंतचा. थंडीत पाणवनस्पती बसतात, बोटींची वर्दळ कमी होते आणि लहान मासे ठरावीक जागी गोळा होतात. वसंताच्या सुरुवातीला पाइकची वीण होते, त्या काळात त्याला त्रास देऊ नये. उन्हाळ्यात पाण्याचे तापमान 20 अंश सेल्सियसच्या वर गेले असेल तर पाइकच्या वाटेला जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंजीने दमलेला मासा सोडताना पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो.

नियम देशागणिक बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ते तपासावेत. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये 13 वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला रॉडचा परवाना लागतो, शिवाय त्या कालव्यावरचे मासेमारीचे हक्क ज्या क्लबकडे किंवा मालकाकडे असतील त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आयर्लंडमध्ये जिवंत माशाचे आमिष वापरण्यास बंदी आहे आणि दिवसाला एकच पाइक, तोही 50 सेंटिमीटरपर्यंतचाच, ठेवता येतो. गटातल्या एकाने सर्वांचे परवाने आदल्या दिवशी पाहून घेणे उत्तम. काठावर उभे राहून फोनवर परवाना काढताना सकाळचा सर्वांत चांगला तास निघून जातो.

सामान: गटाचे वेगळे, ज्याचे त्याचे वेगळे

गटाचे सामान म्हणजे मासा सोडण्याचे सामान. चौघांमागे दोन मोठी लँडिंग नेट असावीत, एक मीटरच्या आसपास तोंड असलेली आणि गाठी नसलेल्या रबरी किंवा मऊ जाळीची. गाठीच्या जाळीने माशाचा चिकट थर खरवडला जातो आणि पर फाटतात. मासा ठेवायला ओली करता येईल अशी जाड गादी, ज्याला अनहुकिंग मॅट म्हणतात, तीही दोन. 25 ते 30 सेंटिमीटर लांबीचे लांब चिमटे, म्हणजे फोर्सेप्स, प्रत्येकाच्या खिशात असलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीला गळाचे पोलाद तोडू शकेल अशी मजबूत कटर पक्कड दोघांमागे एक तरी हवी. अडलेला गळ वाचवण्याच्या नादात मासा मारण्यापेक्षा गळ तोडून टाकणे स्वस्त पडते.

ज्याच्या त्याच्या सामानात सर्वांत महत्त्वाचा आहे तो तारेचा ट्रेस, म्हणजे गळ आणि मुख्य लाइन यांच्यामधला पोलादी तारेचा तुकडा. पाइकच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही आणि विणलेली ब्रेडेड लाइनही टिकत नाही, म्हणून ट्रेसशिवाय कोणीही गळ पाण्यात टाकू नये. या एका बाबतीत मित्राची भीड ठेवू नये. मेलेल्या माशाच्या आमिषासाठी ट्रेस 45 ते 50 सेंटिमीटर लांब आणि साधारण 13 किलो ताण सोसणारा असावा. तारेला मुरड पडली असेल, एखादा धागा सुटला असेल तर तो ट्रेस सरळ बाद करावा. मुख्य लाइन ब्रेडेड असेल तर किमान 13 किलो ताकदीची, तंगूस असेल तर सात किलोंची. मासा एवढा जड नसतो हे खरे. पण कालव्याच्या तळाशी झाडांच्या फांद्या, जुन्या सायकली आणि काय काय पडलेले असते, त्यात अडकलेला गळ ओढून काढता यावा आणि माशाशी झुंज लवकर संपवता यावी म्हणून ही ताकद लागते.

रॉड नऊ ते दहा फुटांचा पुरतो. झाडांखालून आणि पुलांखालून लांब रॉड फिरवणे त्रासाचे होते. गळ तीनतोंडी, 6 किंवा 8 क्रमांकाचे घ्यावेत आणि त्यांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करावेत. काटा दाबला की मासा सुटतो ही भीती अनेकांना वाटते. लाइन ताणलेली ठेवली तर तो क्वचितच सुटतो, आणि तोच गळ आपल्या अंगठ्यात शिरला तर दाबलेल्या काट्याचे मोल लगेच कळते.

कालवा वाचणे

नवख्याला कालवा म्हणजे एकसारखा, सरळ, निर्जीव पाट वाटतो. प्रत्यक्षात त्याचा तळ परातीसारखा असतो: दोन्ही काठांलगत उथळ पायरी, मध्ये बोटींच्या येण्याजाण्याने खोल राहिलेली वाट, आणि या दोहोंच्या मधला उतार. पाइक बहुधा या उतारावर, तोंड खोल पाण्याकडे करून थांबतो. त्याखेरीज जिथे कालव्याचा सारखेपणा मोडतो ती प्रत्येक जागा पाहण्यासारखी: पुलाखालची सावली, बोटी वळवण्यासाठी रुंद केलेला भाग, पाण्याची पातळी बदलणाऱ्या लॉकच्या दरवाजांच्या खालची बाजू, ओढा येऊन मिळतो ती जागा, बराच काळ बांधून ठेवलेल्या बोटींच्या कडा, समोरच्या काठावर वाकलेले झाड. लहान मासे अचानक पाण्याबाहेर उड्या मारून पांगताना दिसले तर खाली कोण आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

माझ्या पाहण्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे काठावर येताच पहिली फेक समोरच्या काठावर करणे. कालव्यातला मासा पुष्कळदा आपल्या पायांखालच्या कडेलाच असतो. म्हणून काठापासून दोन-तीन पावले मागे उभे राहावे, पाय आपटू नयेत, आणि पहिल्या दोन फेका आपल्याच काठाला समांतर, डावीकडे आणि उजवीकडे कराव्यात. मग मधली वाट, आणि शेवटी पलीकडचा काठ.

चौघांची चाल

चौघांच्या दोन जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीकडे एक नेट, एक मॅट आणि एक कटर द्यावी. पहिली जोडी कृत्रिम आमिष, म्हणजे लूर घेऊन पुढे चालते आणि प्रत्येक जागी सात-आठ फेका करून पुढे सरकते. दुसरी जोडी मेलेल्या माशाचे आमिष लावून मागून येते, प्रत्येक जागी वीस-पंचवीस मिनिटे थांबते. ही रचना मला फार आवडते, कारण पाइकची एक खोड तिच्यात कामी येते: तो पुष्कळदा लूरच्या मागे काठापर्यंत येतो, क्षणभर पाहतो आणि वळून जातो. पुढच्या मित्राने ती जागा काठावर काडी रोवून दाखवून ठेवावी. मागून येणाऱ्याने तिथे सार्डिन अलगद सोडली की हलत्या सावजाला नकार दिलेला मासा आयता, वासाचा घास अनेकदा उचलतो. दर तासाला जोड्यांनी कामे बदलावीत, नाहीतर मागच्यांना पुढच्यांचा आणि पुढच्यांना मागच्यांचा हेवा वाटू लागतो.

जोडीतल्या दोघांमध्ये अंतर एवढेच असावे की साध्या आवाजातली हाक ऐकू जाईल. एकाला मासा लागला की दुसऱ्याने आपली लाइन ताबडतोब गुंडाळावी, रॉड बाजूला ठेवावा, मॅटवर पाणी ओतावे आणि नेट घेऊन उभे राहावे. "आधी माझी फेक पूर्ण करतो" म्हणणारा मित्र प्रत्येक गटात असतो. त्याच्याशी हे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

बोट येताना दिसली की दोन्ही जोड्यांनी लाइन पाण्याबाहेर काढाव्यात. बोट गेल्यावर गाळ उसळून पाणी गढूळ होते. अशा वेळी लूर दिसत नाही, म्हणून पुढच्या जोडीनेही थोडा वेळ वासाच्या आमिषावर यावे.

आमिष, खूण आणि ओढ

मेलेल्या माशांत सार्डिन, स्मेल्ट, हेरिंग आणि बांगड्याचा तुकडा ही खात्रीची आमिषे आहेत. लांबी दहा ते पंधरा सेंटिमीटर पुरते. सार्डिन मऊ पडते आणि फेकताना गळावरून निखळते, म्हणून ती गोठलेलीच लावावी. ट्रेसवर दोन तीनतोंडी गळ असतात: वरचा शेपटीच्या मुळाशी घट्ट रोवायचा आणि खालचा, त्यापासून सात-आठ सेंटिमीटरवर, कुशीत हलकेच अडकवायचा. आमिषाचे डोके मोकळे राहते ते मुद्दाम. पाइक सावज आडवे पकडतो आणि मग फिरवून डोक्याकडून गिळतो. फ्लोट, म्हणजे लाइनवर बांधलेला तरंगता खुणेचा बोंडा, पाण्याच्या खोलीपेक्षा वीस-तीस सेंटिमीटर जास्तीवर बांधावा, म्हणजे आमिष तळावर निजून राहते.

आता जो क्षण सर्वांत जास्त चुकतो त्याविषयी. फ्लोट प्रथम थरथरतो, क्षणभर थांबतो, मग आडवा होऊन एका बाजूला सरकू लागतो किंवा शांतपणे बुडतो. "नीट गिळू दे" असा जुना सल्ला या वेळी कोणीतरी हमखास देतो, आणि तो अजिबात ऐकू नये. थांबले की गळ घशात किंवा पोटात जातो आणि मासा वाचत नाही. फ्लोट सरकू लागताच रीळ फिरवून ढील काढावी, माशाचे वजन हाताला जाणवले की रॉड एका दमात मागे ओढावा. एखादा मासा यात निसटेल, निसटू द्यावा. याच कारणासाठी रॉड टेकवून दूर जाऊन बसणे मला अक्षम्य वाटते.

लूर ओढताना वेग सारखा ठेवू नये. दोन-तीन वेळा गुंडाळावे, थांबावे, लूरला बुडू द्यावे, पुन्हा ओढावे. बहुतेक झडपा थांबण्याच्या क्षणी येतात. लूर पायांजवळ आली की लगेच उचलू नये, रॉडचे टोक पाण्याजवळ नेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एक फेरा काढावा. मागे आलेला मासा इथे घेतो आणि आपली छाती धडधडते.

झुंज लांबवण्यात कौशल्य नाही. रिळाचा ड्रॅग, म्हणजे लाइन सुटण्याला अडवणारा ब्रेक, एवढाच सैल ठेवावा की काठाजवळच्या शेवटच्या उसळीला लाइन सुटेल. नेट आधी पाण्यात बुडवून स्थिर धरावे आणि मासा त्याच्यावर ओढून आणावा. नेट घेऊन माशामागे धावू नये.

मिनिटभराचे काम

मासा नेटमध्ये आला की आधी तो पाण्यातच राहू द्यावा. तेवढ्यात चिमटा हातात घ्यावा, मॅट पुन्हा ओली करावी, हात ओले करावेत. मग मासा मॅटवर कुशीवर निजवून एकाने गुडघे टेकून त्याला दोन्ही बाजूंनी हलकेच आवरावे. दुसऱ्याने डाव्या हाताची सरळ बोटे कल्ल्याच्या झाकणाखाली, हनुवटीच्या बाजूने, झाकणाच्या आतल्या कडेला चिकटून पुढे सरकवावीत. आतल्या लाल तंतूंना आणि त्यांच्या कमानींना बोट लागता कामा नये. तेच माशाचे श्वासाचे अवयव आणि बोटे कापणारे दातेही तिथेच. बोटे पुढे, जबड्याची दोन हाडे जुळतात त्या टोकापर्यंत गेली की अंगठा बाहेरून हनुवटीवर दाबून डोके किंचित उचलावे. जबडा आपोआप उघडतो. हे पहिल्यांदा घडते तेव्हा नवल वाटते, कारण तोवर तो लोखंडी पेटीसारखा मिटलेला असतो.

गळ दिसला की चिमट्याने त्याची वळणाची बाजू धरावी आणि आत शिरला त्याच वाटेने उलटा फिरवून काढावा. काटा दाबलेला असेल तर एका झटक्यात निघतो. गळ खोल असेल तर ट्रेस हलकेच ताणून धरावा आणि चिमटा कल्ल्यांच्या फटीतून, लाल तंतू चुकवत आत नेऊन गळ पलटावा. तरीही न जमल्यास कटर. नवख्याने हे प्रथम जाणत्या मित्राच्या हाताखाली दोन-तीनदा पाहावे आणि मगच करावे. हातमोजा वापरायचा असेल तर डाव्या हातालाच घालावा.

वजन करायचे असेल तर ओल्या झोळीत, आणि झोळीचे वजन आधी शून्य करून. छायाचित्र काढणाऱ्याने कॅमेरा आधीच तयार ठेवावा; मासा धरणाऱ्याने मॅटवरच गुडघे टेकून, मासा जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा, पोटाखाली हाताचा आधार देऊन धरावा. जबड्याला लटकवून उभा धरलेला पाइक पाहिला की मला धरणाऱ्याचा राग येतो. सोडताना माशाला पाण्यात सरळ धरून ठेवावे, कल्ले नियमित उघडमिट करू लागले आणि शेपटीला जोर आला की तो स्वतःच हातातून निघून जातो. पुढे-मागे ढकलू नये.

काही धोके आणि परतल्यावरचे काम

कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, म्हणून कालव्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली आणि आसपास फेक करू नये, जुळवलेला रॉड उभा धरून चालूही नये. लॉकच्या दरवाजांजवळचे दगड हिवाळ्यात शेवाळाने आणि दहिवराने निसरडे होतात. थंड पाण्यात पडलेल्याचे हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात, तेव्हा गटात एक फेकायचा दोर असावा. पायवाटेवरून सायकली जात असतात, त्यामुळे मागे रॉड घेण्यापूर्वी मागे पाहावे. उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस हाताच्या जखमेतून शिरू शकतो, म्हणून दातांनी ओरखडलेली बोटे झाकावीत आणि काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. नंतरच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना कालव्याचे आवर्जून सांगावे.

घरी आल्यावर नेट आणि मॅट तशीच पिशवीत ठेवू नयेत. परके जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात ओल्या जाळ्यांबरोबरच जातात. काळ्या समुद्राच्या परिसरातली, स्थानिक जलचर फस्त करणारी एक परकी कोळंबी इंग्लंडमध्ये 2010 मध्ये ग्रॅफम वॉटर या जलाशयात सापडली, तेव्हापासून तिथे सामान तपासणे, धुणे आणि वाळवणे यावर फार भर दिला जातो. नेट गरम पाण्यात बुडवून झटकावे, शिवणीत अडकलेला गाळ आणि शेवाळ काढून टाकावे, आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत वाऱ्यावर टांगून ठेवावे. उरलेली सार्डिन मात्र पुन्हा गोठवू नये. दुसऱ्यांदा वितळलेली ती गळावर टिकतच नाही.